शहर पोलीस आयुक्तालयाचे स्थायी आदेश अद्ययावत कसे ठेवावेत : नव्याने जबाबदारी स्वीकारणाऱ्यांसाठी

पोलीस आयुक्तालयात एखाद्या अधिकाऱ्याकडे किंवा लिपिकाकडे स्थायी आदेश व परिपत्रकांचा विषय नव्याने सोपवला जातो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा काही जाड नस्त्या, संगणकावरील दोनचार फोल्डर आणि आधीच्या कर्मचाऱ्याने जाता जाता सांगितलेली माहिती एवढेच येते. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम निव्वळ कारकुनी वाटते. प्रत्यक्षात रात्रपाळीचा ठाणे अंमलदार तक्रारदाराला परत पाठवतो की त्याची फिर्याद नोंदवून घेतो, तपास अधिकारी अटकेच्या वेळी कोणता नमुना भरतो आणि तो नमुना रिमांडच्या वेळी (अटकेतील व्यक्तीची कोठडी मागताना) न्यायालयात टिकतो की नाही, हे पुष्कळदा या नस्त्यांतील मजकुरावर ठरते. आदेश जुना राहिला की त्याची झळ सर्वांत आधी तो प्रामाणिकपणे पाळणाऱ्या अंमलदाराला आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नागरिकाला बसते.

पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील पोलीस आयुक्तालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. नवे आदेश काढण्याची सवय प्रत्येक कार्यालयाला असते; जुने आदेश वेळच्या वेळी आणि नाव घेऊन रद्द करण्याची सवय मात्र फार थोड्या ठिकाणी आढळते. या कामाचा खरा भार तेथेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : आदेशामागचा अधिकार ओळखणे

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २३ नुसार, राज्य शासनाच्या आदेशांच्या अधीन राहून, आयुक्तांना आपल्या हद्दीतील पोलीस दलाच्या प्रशासनासाठी नियम किंवा आदेश काढता येतात. मात्र ते त्या अधिनियमाशी किंवा अमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्याशी विसंगत असता कामा नयेत. या एका अटीतून संपूर्ण उतरंड स्पष्ट होते. सर्वांत वर संविधान, त्यानंतर केंद्राचे व राज्याचे कायदे आणि त्यांखालील नियम, त्यांचा अर्थ लावणारे सर्वोच्च न्यायालयाचे व मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय, मग गृह विभागाचे शासन निर्णय, पोलीस महासंचालकांची परिपत्रके व पोलीस नियमावली, आणि त्याखाली आयुक्तांचे स्थायी आदेश. परिमंडळाच्या उपायुक्तांनी दिलेल्या लेखी सूचना त्याच्याही खाली येतात. खालच्या पायरीवरील मजकूर वरच्याशी जुळत नसेल, तर त्याचा सोयीचा अर्थ काढत बसू नये. विसंगतीची टिपणी त्याच दिवशी वरिष्ठांसमोर ठेवावी.

नवख्या माणसाचा एक गोंधळ येथेच दूर व्हावा. स्थायी आदेश हे पोलीस दलाने कसे वागावे यासाठी असतात. नागरिकांवर बंधने घालणारे प्रतिबंधात्मक आदेश हा वेगळा प्रकार आहे. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालील जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ चालत नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेशाला सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची मर्यादा आहे. अशा आदेशांची मुदत आपोआप संपते, त्यामुळे त्यांची नोंदवही स्वतंत्र असावी आणि स्थायी आदेशांच्या नस्तीत त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

दुसरी पायरी : अस्तित्वात काय आहे, याची यादी

यादी करताना केवळ स्वतःच्या शाखेतील नस्त्यांवर विसंबून चालत नाही. आदेश अनेक वाटांनी निघतात. आवक-जावक बारनिशी, वाचक शाखा, नियंत्रण कक्षाचे बिनतारी संदेश, वाहतूक शाखेची परिपत्रके, गुन्हे आढावा बैठकीची इतिवृत्ते आणि अलीकडे अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवलेल्या सूचना, या सर्व ठिकाणी ‘यापुढे असे करावे’ अशी वाक्ये विखुरलेली असतात. त्यांतील जी सूचना कायमस्वरूपी पाळली जात आहे, तिला लेखी आदेशाचे रूप द्यायचे की ती थांबवायची, याचा निर्णय घ्यावाच लागतो; कारण ज्या सूचनेला क्रमांक व दिनांक नाही, ती पुढे कोणालाही रद्द करता येत नाही.

प्रत्येक आदेशासमोर क्रमांक, दिनांक, विषय, कोणत्या अधिकाराखाली काढला ते कलम, कोणता जुना आदेश त्याने अधिक्रमित केला (म्हणजे त्याची जागा घेऊन रद्द केला), पुढे कोणत्या आदेशाने त्यात बदल झाला आणि पुढील फेरतपासणीचा दिनांक, एवढे रकाने असावेत. येथे आदेशाच्या सुरुवातीला ‘वाचा’ या शीर्षकाखाली दिलेले आधीच्या आदेशांचे संदर्भ सर्वांत उपयोगी पडतात. हाती असलेल्या परिपत्रकाच्या ‘वाचा’मधील प्रत्येक संदर्भ शोधून काढावा, त्याचेही ‘वाचा’ पाहावे आणि साखळीचे मूळ सापडेपर्यंत मागे जात राहावे. शासन निर्णय असेल तर त्याच्या शेवटी दिलेला संकेतांक नोंदवून शासनाच्या संकेतस्थळावरील प्रत मिळवावी. छायाप्रतीची छायाप्रत ग्राह्य धरू नये, कारण तिच्यात शुद्धिपत्रक जोडलेले नसते.

नव्या आयुक्तालयांत ही पायरी अधिक कष्टाची आहे. २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे काही पोलीस ठाणी पुणे शहरातून आली आणि काही पुणे ग्रामीणमधून. २०२० साली स्थापन झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय ठाणे ग्रामीण व पालघर या दोन जिल्हा दलांतील हद्दी एकत्र करून बनले. अशा ठिकाणी एकाच विषयावर वेगवेगळ्या मूळ घटकांच्या सवयी शेजारशेजारच्या ठाण्यांत चालू राहू शकतात. म्हणून यादी करताना ठाणे कोणत्या घटकातून आले, हा रकाना वाढवावा आणि प्रत्यक्ष ठाण्यात जाऊन तेथे कोणता कागद वापरला जातो ते पाहावे.

तिसरी पायरी : कायद्यातील बदल लावून पाहणे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि जुना पुरावा अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पुढे ‘नवी संहिता’) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अमलात आले. त्यामुळे त्या तारखेपूर्वीचा जवळपास प्रत्येक स्थायी आदेश तपासणे आवश्यक ठरले आहे. हे काम संगणकावर जुना आकडा शोधून त्या जागी नवा टाकण्याइतके सोपे मानू नये. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५४ प्रथम खबरेचे आणि कलम १७३ दोषारोपपत्राचे होते. नव्या संहितेत प्रथम खबर कलम १७३ मध्ये आली आहे आणि दोषारोपपत्र कलम १९३ मध्ये गेले आहे. जुने कलम १४४ प्रतिबंधात्मक आदेशांचे होते. नव्या संहितेत त्याच क्रमांकाखाली पत्नी, मुले व आईवडिलांच्या निर्वाहाची तरतूद आहे. आदेशात केवळ ‘कलम १७३ अन्वये कार्यवाही करावी’ असे लिहिलेले असेल आणि कायद्याचे नाव नसेल, तर वाचणारा अंमलदार कोणत्या कामाला लागेल हे सांगता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक कलमापुढे कायद्याचे नाव लिहिण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

एक आदेश उदाहरणादाखल उघडून पाहू. अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी निर्णय दिला आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आपसूक अटक न करता, अटकेची आवश्यकता कारणांसह तपासावी व आवश्यकता नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे बजावले. त्या सुमारास काढलेले ‘कलम ४१-अ ची नोटीस’ या विषयावरील परिपत्रक आपल्या नस्तीत आहे असे समजा.

त्यातील पहिला बदल क्रमांकाचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेची जुनी कलमे ४१ आणि ४१-अ आता नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये एकत्र आली असून नोटिशीची तरतूद कलम ३५(३) पासून सुरू होते. दुसरा बदल आशयाचा आहे आणि तो केवळ आकडे बदलणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. कलम ३५(७) ही नवी तरतूद आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ती व्यक्ती अशक्त, व्याधिग्रस्त असेल किंवा साठ वर्षांवरील असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. आयुक्तालयात उपअधीक्षक हे पद सहायक पोलीस आयुक्ताचे असते. त्यामुळे आदेशात ‘संबंधित विभागाचे सहायक पोलीस आयुक्त’ असे स्पष्ट लिहावे, परवानगी कशी मागायची आणि तिची नोंद स्टेशन डायरीत कोणत्या वेळी करायची हेही सांगावे. अन्यथा कायद्यातील वाक्य आदेशात जसेच्या तसे उतरते आणि रात्री अडीच वाजता नेमका कोणाला फोन करायचा, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा बदल नोटीस बजावण्याच्या रीतीचा आहे. नव्या संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्यास काही बाबतींत वाव दिलेला असल्यामुळे, हजर राहण्याची नोटीसही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल असा समज सहज होतो. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग स्पष्टपणे नाकारला आणि नोटीस कायद्याने विहित केलेल्या रीतीनेच बजावावी, असा स्थायी आदेश आपापल्या पोलीस यंत्रणेसाठी काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. न्यायालय ‘स्थायी आदेश काढा’ असे सांगते, तेव्हा आपल्या टेबलावरच्या नस्तीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

चौथा बदल अटकेच्या कारणांचा आहे. मुंबईतील वरळी येथील वाहन अपघाताच्या एका प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर ती तोंडी सांगावीत आणि रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत. म्हणजे केवळ मराठीत छापलेला नमुना आता पुरेसा नाही. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत हिंदी व इंग्रजीबरोबर आपल्या हद्दीत बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांतील नमुने परिशिष्टात जोडावे लागतील, आणि ज्या भाषेचा नमुना नाही तिच्यासाठी दुभाषा कोठून मिळवायचा हे आदेशात लिहावे लागेल. नमुन्यातील कारणे छापील ठेवू नयेत. त्या व्यक्तीच्या बाबतीतील तथ्ये हाताने किंवा संगणकावर भरण्यासाठी मोकळी जागा हवी.

एवढे झाल्यावर जुने परिपत्रक लगेच रद्दीत काढावे असेही नाही. नव्या संहितेच्या कलम ५३१ मुळे १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेले तपास जुन्या प्रक्रियेनुसारच पुढे चालतात. शिवाय अपराध त्या तारखेपूर्वी घडलेला आणि फिर्याद नंतर आलेली असेल, तर अपराधाची कलमे भारतीय दंड संहितेची आणि तपासाची पद्धत नव्या संहितेची, अशी स्थिती येते. फसवणुकीच्या गुन्ह्यांत, जेथे तक्रारदार वर्षांनंतर ठाण्याची पायरी चढतो, हा प्रसंग दीर्घकाळ येत राहणार आहे. म्हणून नव्या आदेशात तारखांवर आधारित एक छोटा तक्ता द्यावा आणि जुन्या आदेशावर ‘केवळ १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रलंबित तपासांसाठी’ असा शेरा मारून तो वेगळ्या नस्तीत ठेवावा.

याच पद्धतीने इतर आदेशही पाहावेत. झडती व जप्तीच्या आदेशात नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार दृक्‌श्राव्य चित्रीकरण आणि त्यासाठीच्या ई-साक्ष्य अ‍ॅपचा वापर आला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या आदेशात जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आणि त्याचे दोन भागांचे प्रमाणपत्र हवे. फिर्याद नोंदवण्याच्या आदेशात हद्दीचा प्रश्न न काढता नोंद घेणे, इलेक्ट्रॉनिक खबरेवर तीन दिवसांत सही घेणे आणि तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी, या तिन्ही गोष्टी हव्यात. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. ते कोण कळवणार हे बहुतेक जुन्या आदेशांत सापडणार नाही, कारण त्या काळी ते बंधनच नव्हते. प्रतिबंधात्मक आदेशांच्या शेवटच्या ओळीत अजून ‘भा.दं.वि. कलम १८८’ (म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम) असेल तर तेथे न्याय संहितेचे कलम २२३ यावे. शिक्षेचे प्रमाणही बदलले आहे. आणि सीसीटीव्ही चित्रीकरण तीस दिवस जपण्याची सूचना कोठे शिल्लक असेल तर ती तत्काळ काढावी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील चित्रीकरण अठरा महिने, आणि यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही, इतका काळ जपण्यास सांगितले आहे.

चौथी पायरी : मसुदा लिहिणे

आदेश ठाण्यातील अंमलदारासाठी लिहिला जातो, हे मसुदा करताना विसरू नये. कोणी, काय, किती वेळात करायचे आणि त्याची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये घ्यायची, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक परिच्छेदात मिळाली पाहिजेत. ‘योग्य ती दक्षता घ्यावी’, ‘आवश्यक कार्यवाही करावी’ अशी वाक्ये आली की लेखकानेच निर्णय टाळला आहे असे समजावे. व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहावे. नव्या संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक व्यक्तींची माहिती ठेवणारा, सहायक उपनिरीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी नेमायचा असतो. आदेशात त्याचे नाव घातले तर पहिल्या बदलीबरोबर आदेश शिळा होतो. नाव ठाण्याच्या फलकावर लावावे, आदेशात फक्त पद व फलक बदलण्याची जबाबदारी लिहावी.

रद्द करण्याच्या वाक्याबाबत मी विशेष आग्रही आहे. ‘या विषयावरील यापूर्वीचे सर्व आदेश रद्द समजावेत’ असे लिहिणे सोपे असते, पण कोणते आदेश रद्द झाले हे शोधण्याचा भार ते ठाण्यावर टाकते. शिवाय त्या ‘सर्व’मध्ये महासंचालकांची परिपत्रकेही येतात, जी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तालयाला नाही. त्याऐवजी प्रत्येक जुन्या आदेशाचा क्रमांक व दिनांक देऊन तो पूर्णतः की अंशतः अधिक्रमित होत आहे, हे सांगावे. अंशतः असेल तर कोणता परिच्छेद गेला तेही लिहावे. एकाच आदेशात तीनपेक्षा अधिक वेळा अंशतः बदल झाले असतील, तर पुन्हा शुद्धिपत्रक न काढता संपूर्ण आदेश नव्याने एकत्रित काढणे श्रेयस्कर.

मसुदा विधी अधिकारी आणि सरकारी अभियोक्त्यांना दाखवावा. बालकांशी संबंधित मजकूर असेल तर विशेष बाल पोलीस पथकाचे मत घ्यावे. त्याबरोबरच, एक गर्दीचे आणि एक तुलनेने शांत अशा दोन पोलीस ठाण्यांत तो आठवडाभर वापरून पाहावा. ठाणे अंमलदाराला नमुना भरायला द्यावा व शेजारी बसून पाहावे. कोणता रकाना त्याने रिकामा सोडला आणि कोठे त्याने आपणहून वेगळे काही लिहिले, यावरून मसुद्यातील दोष जितके कळतात तितके बैठकीतील चर्चेतून कळत नाहीत.

पाचवी पायरी : ठाण्यापर्यंत पोहोचवणे

आयुक्तांची सही झाली आणि जावक क्रमांक पडला म्हणजे आदेश पोहोचला असे नाही. तो सलग काही दिवस तिन्ही पाळ्यांच्या हजेरीत वाचून दाखवावा, त्याची नोंद स्टेशन डायरीत घ्यावी आणि रजेवर असलेल्यांनी हजर झाल्यावर तो वाचल्याची सही घ्यावी. त्याच वेळी जुना कागद गोळा करणे अत्यावश्यक आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरील काचेखाली, लॉकअपजवळच्या भिंतीवर, मुद्देमाल कारकुनाच्या वहीच्या मुखपृष्ठामागे आणि ठाण्याच्या संगणकावर ‘नवीन नमुना’ या नावाने साठवलेल्या फाइलमध्ये जुने नमुने वर्षानुवर्षे राहतात, आणि घाईच्या वेळी हात तेथेच जातो. सहायक आयुक्तांच्या ठाणे भेटीत आणि वार्षिक तपासणीत ‘काचेखालचा कागद चालू आहे काय’ हा प्रश्न तपासणी सूचीतच घालावा.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार, कर्मचारी ज्या नियमांच्या, सूचनांच्या व नियमपुस्तिकांच्या आधारे काम करतात ते प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात. त्यामुळे आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर चालू आदेश दिसले पाहिजेत. बंदोबस्ताची आखणी किंवा गोपनीय स्रोतांविषयीचा भाग कलम ८ च्या अपवादांत बसत असेल, तर तेवढाच भाग वेगळ्या जोडपत्रात ठेवावा. त्याच्या निमित्ताने सबंध आदेश दडवू नये. अटकेविषयीचा आदेश नागरिकाला वाचायला मिळाला, तर ठाण्यात तो पाळला जाण्याची शक्यता वाढते, हा विचार वरिष्ठांपुढे निःसंकोच मांडावा.

सहावी पायरी : नजर ठेवणे आणि कार्यभार सोपवणे

आठवड्यातून एक ठरावीक वेळ राजपत्र, गृह विभागाचे शासन निर्णय, महासंचालक कार्यालयाची परिपत्रके आणि न्यायनिर्णय पाहण्यासाठी राखून ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाबरोबर नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठांचे आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालेल्या सर्किट बेंचचे निर्णयही पाहावेत. सोलापूर आयुक्तालयाची प्रकरणे आता कोल्हापूरकडे जातात. घरातील खुणाही तितक्याच बोलक्या असतात. रिमांड नाकारला गेला, निकालपत्रात तपासावर ताशेरे आले, किंवा एकाच प्रश्नावर दोनतीन ठाण्यांतून मार्गदर्शन मागवणारी पत्रे आली, तर संबंधित आदेश फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता उघडावा. अशा बातम्या आपल्यापर्यंत आपोआप येत नाहीत. अभियोग कक्षाकडून व वाचक शाखेकडून दरमहा त्यांची यादी मागवण्याची व्यवस्था करावी.

बदली झाल्यावर विषय सोपवताना केवळ नस्त्यांची संख्या लिहिलेली यादी पुरत नाही. नोंदवहीबरोबर एक स्वतंत्र टिपणी द्यावी. कोणते आदेश मसुद्याच्या टप्प्यावर आहेत, कोणत्या विषयावर विधी अधिकाऱ्यांचे मत प्रलंबित आहे, कोणत्या ठाण्यांतून जुने नमुने परत आलेले नाहीत आणि पुढील तीन महिन्यांत कोणत्या आदेशांची फेरतपासणी येते, हे तिच्यात असावे. तिची एक प्रत प्रशासन विभागाच्या उपायुक्तांकडे द्यावी, म्हणजे नवा कर्मचारी रुजू होण्यास विलंब झाला तरी तारखा चुकणार नाहीत.